एकच टेकडी, बारा महिने: सह्याद्रीतल्या पायवाटांवर निसर्गाचे फोटो कसे काढायचे

पहिला पाऊस पडला की मला हमखास मेसेज येतात, "फोटोग्राफीला कुठे जाऊ?" विचारणाऱ्याच्या डोक्यात तेव्हा हरिश्चंद्रगड असतो, कास असतं, आंबोली असते. माझं उत्तर दरवेळी एकच, आधी घराजवळच्या टेकडीवर जा, आणि एकदा नाही, वर्षभर जा. मी कोथरूडला राहते त्यामुळे माझी टेकडी म्हणजे वेताळ टेकडी, पुण्याच्या हद्दीतली सगळ्यात उंच, समुद्रसपाटीपासून साधारण 800 मीटर, वर सपाट माळ, गवत, सालई-मोईची झाडं, जुनी दगडाची खाण आणि वेताळाचं देऊळ. तुमची पर्वती असेल, येऊर असेल, साताऱ्याचा अजिंक्यतारा असेल, काही फरक पडत नाही. वाट ओळखीची झाली की कुठल्या वळणावर सकाळी साडेसातला ऊन येतं, कुठल्या वाळक्या फांदीवर वेडा राघू बसतो हे तुम्हाला पाठ होतं, आणि फोटो चांगला येण्यात लेन्सपेक्षा या पाठ असण्याचा वाटा जास्त असतो हे मी अगदी मनापासून सांगतेय.

पहिल्याच दिवशी एक काम करा. वाटेवरची एक जागा ठरवा, एखादा मोठा दगड किंवा बाक, तिथे उभं राहून मोबाइलने एक फोटो काढा आणि मग दर महिन्याला त्याच जागेवरून, तीच चौकट, साधारण तीच वेळ. चौकट जुळवायला मागच्या महिन्याचा फोटो उघडून समोर धरायचा आणि एखादी खूण पकडायची, माझ्या फोटोत डाव्या कडेला मोईचं झाड आहे आणि उजवीकडे खाणीचा कोपरा. सहा महिन्यांनी ते फोटो एकापाठोपाठ बघा. मे महिन्यातला तपकिरी माळ जुलैत हिरवागार होतो हे माहीतच असतं सगळ्यांना, पण मोई पार निष्पर्ण होते आणि पानं येण्याआधी फुलते हे मला त्या फोटोंमुळे कळलं, त्याआधी मी त्या झाडाखालून कित्येक वर्षं जात-येत होते.

सामान किती लागतं

सुरुवातीला मोबाइल पुरे. खरंच पुरे. फक्त तीन गोष्टी शिकून घ्या. एक, स्क्रीनवर बोट दाबून धरलं की फोकस आणि एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) लॉक होतं, मग बोट खाली सरकवून फोटो थोडा अंधारा करायचा, कारण मोबाइल बहुतेक वेळा फुलांचे रंग जळतील इतका उजेड घेतो. दुसरं, बोटांनी झूम करू नका, फोनला दुसरी टेलिफोटो लेन्स असेल तर तीच वापरा, नाहीतर चार पावलं पुढे जा. तिसरं, फोटो काढायच्या आधी लेन्स सुती कापडाने पुसा. हसू येईल पण खिशातल्या फोनच्या लेन्सवर तेलकट थर असतोच आणि "फोटो धुरकट येतात" या तक्रारीचं अर्ध उत्तर तिथेच असतं.

कॅमेरा घ्यायचाच असेल तर सोबत येणारी 18-55 मिलिमीटरची लेन्स आणि लांबचं जवळ आणणारी एक 70-300 किंवा 55-250, एवढ्यात दोन-तीन वर्षं आरामात जातात. मॅक्रो म्हणजे अगदी जवळून फोटो घेणारी लेन्स लगेच घेऊ नका, आधी एक्स्टेंशन ट्यूब, म्हणजे कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारी पोकळ नळी, वापरून बघा, स्वस्तात पडते, फुलं-किड्यांची आवड टिकतेय का ते कळतं. ट्रायपॉड टेकडीवर मी क्वचितच नेते, सॅक जमिनीवर ठेवून त्यावर कॅमेरा टेकवला तरी पुष्कळ कामं होतात.

मृगाचा पाऊस

वर्षाची सुरुवात माझ्या लेखी जूनमध्ये होते. पहिले एक-दोन दणके पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उघडीप असली की सगळं सोडून टेकडीवर जायचं, कारण मृगाचे किडे निघतात. लालभडक, मखमली, हरभऱ्याच्या डाळीएवढे. नाव किडा असलं तरी पाय आठ असतात, कोळ्याच्या नात्यातला जीव आहे तो. थोडेच दिवस दिसतो, मग गायब. याचा फोटो काढणं हा फार छान अभ्यास आहे म्हणून सविस्तर सांगते.

वरून उभ्याने काढला तर तो मातीवरचा लाल ठिपका दिसतो, बाकी काही नाही. पोटावर झोपा, अंगाखाली जुनी चादर किंवा प्लॅस्टिक घ्या, आणि फोन उलटा धरा म्हणजे लेन्स जमिनीला जवळजवळ टेकेल. आता तो तुमच्या नजरेच्या पातळीवर आला. मॅक्रो मोड असेल तर चालू करा, नसेल तर 2 पट वर ठेवून थोडं मागे सरका. लाल रंग डिजिटल सेन्सरला झेपत नाही, नुसता लाल गोळा येतो आणि मखमल जाते, म्हणून एक्स्पोजर उणे 0.7 ते उणे 1 पर्यंत खाली घ्या, मग एकेक केस वेगळा दिसायला लागतो. तो चालत असताना त्याच्या मागे मागे जाऊ नका, तो जिकडे निघालाय तिकडे वीतभर पुढे फोकस लावून थांबा आणि तो फोकसमध्ये आला की चार-पाच फोटो सलग काढा. हात लावलात की पाय पोटाशी घेऊन गप्प बसतो, मग बराच वेळ हलत नाही, त्यामुळे हात लावायचाच नाही. उचलून पानावर ठेवायचा, काडीने वळवायचा, हे तर अजिबात नको. मागच्या जूनमध्ये एका किड्यामागे मी सव्वा तास होते आणि शेवटच्या पाच मिनिटांत तो ओल्या मातीच्या ढेकळावर चढला, मागे नुकतं उगवलेलं गवत, दोन पोपटी पाती, आणि त्याचे पुढचे दोन पाय हवेत. सव्वा तासात कामाचा तेवढा एकच फोटो.

त्याच दिवसांत काळ्या मुसळीची पिवळी, सहा पाकळ्यांची फुलं जमिनीलगत दिसतात, ओढ्याकाठी, डबक्यात पिवळेधम्मक झालेले बैलबेडूक ओरडत असतात, खेकडे वाटेवर येतात. सगळ्यांना हीच पद्धत, खाली झोपा, वाट बघा.

भर पावसात कॅमेरा जपायचा कसा

जुलै-ऑगस्टमध्ये कॅमेऱ्याला थेंबांपेक्षा दमट हवेने जास्त त्रास होतो. सिंहगडाच्या पायथ्याला आतकरवाडीपर्यंत एसी लावून गाडीने गेलात, उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढलात तर थंड काचेवर लगेच वाफ धरते, पुसली तरी परत येते. मी एकदा अशीच अर्धा तास काच पुसत बसले आणि धुक्यातून वर आलेलं ऊन माझ्यासमोरून निघून गेलं. उपाय सोपा आहे, शेवटची वीसेक मिनिटं एसी बंद करून काचा खाली करा, आणि पोचल्यावर बॅगेची चेन न उघडता कॅमेरा थोडा वेळ आत तसाच राहू द्या.

कव्हर विकत घ्यायची गरज नाही, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीला लेन्सएवढं भोक पाडून रबर लावलं की झालं, वर लेन्स हूड हवाच. घरी आल्यावर मात्र कितीही दमला असाल तरी ओली बॅग तशीच कपाटात टाकू नका. लेन्सवर बुरशी धरते, आतून जाळं पसरल्यासारखी, आणि एकदा काच कोरली गेली की साफ करूनही डाग राहतो. माझी एक जुनी लेन्स अशीच गेली, फक्त एका रविवारच्या कंटाळ्यामुळे. कॅमेरा पंख्याखाली वाळवा, मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. दाणे रंग बदलले की कढईत मंद आचेवर गरम करून परत वापरता येतात, पण ती कढई पुन्हा स्वयंपाकाला घ्यायची नाही. डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवता आला तर उत्तम, 40 ते 50 टक्क्यांच्या मध्ये काटा असावा.

आता फोटोचं. ढगाळ उजेड हा हिरव्या रंगासाठी सगळ्यात चांगला उजेड, पण पांढरं आकाश फोटोत घेऊ नका, फोटोचा जीव जातो. कॅमेरा खाली झुकवा, आकाश कापा, झाडी भरा. ओल्या पानांवर चकाकी येते आणि हिरवा फिका दिसतो, तिथे पोलरायझर फिल्टर लावून हळूहळू फिरवा, एका ठिकाणी चकाकी एकदम नाहीशी होते, तिथे थांबा. उजेड साधारण दीड-दोन स्टॉप कमी होतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), तेवढा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, वाढवा. छोट्या धबधब्याला शटर पाव ते अर्धा सेकंद उघडं राहिलं तरी पुरतं, पाच-दहा सेकंद ठेवलं की पाण्याचा कापूस होतो, मला ते आवडत नाही. धुक्यात कॅमेरा फसतो, पांढरं बघून फोटो करडा करतो, म्हणून तिथे अधिक 0.7 ते अधिक 1 द्या. आणि धुक्यात काहीतरी एक जवळचं, काळं हवं, एखादं वाकडं झाड, बुरुज, डोक्यावर इरलं घेतलेला माणूस (विचारून), नाहीतर नुसता पांढरा कागद येतो.

निसरड्या कड्यावर व्ह्यूफाइंडरला डोळा लावून एकही पाऊल मागे-पुढे टाकायचं नाही. आधी पाय रोवा, मग डोळा लावा, फोटो झाला की डोळा काढा, मग पाय उचला. हा नियम मी मैत्रिणींना अक्षरशः पाठ करायला लावलाय.

श्रावण आणि फुलांचे सडे

श्रावणात ऊन-पावसाचा खेळ सुरू झाला की प्रकाश दर पाच मिनिटांनी बदलतो, वाट पाहणाऱ्याला सगळं मिळतं. ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबर संपेपर्यंत सोनकी, तेरडा, कळलावी, कवला, ही आपल्या जवळच्या डोंगरांवरही भरपूर असतात. कासला जाणारच असाल तर गणपतीच्या आसपास, सोमवार ते शुक्रवारच, आणि ऑनलाइन बुकिंग आधी बघून. कास साताऱ्यापासून साधारण 25 किलोमीटरवर, 2012 मध्ये पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारसा यादीत गेलं. तिथे खाली जांभ्याचा खडक आहे आणि वर मातीचा थर जेमतेम काही इंच, कुठे तेवढाही नाही, त्यात ही सगळी झाडं वाढतात. एका पावलाखाली काय चिरडतं ते आपल्याला दिसतसुद्धा नाही. सीतेची आसवं घ्या, ते निळं-जांभळं नाजूक फूल, त्याची झाडं ओल्या मातीत बारीक पिशव्या लावून सूक्ष्म जीव पकडतात, कीटकभक्षी आहेत. असं सगळं तुमच्या बुटाखाली आहे. त्यामुळे फुलांच्या मधोमध बसून काढलेला फोटो मला कुणी कौतुकाने दाखवला तर मी कौतुक करत नाही, स्पष्ट सांगते.

वाटेवरूनच गालिचा दाट दिसायला हवा असेल तर वाइड लेन्स काढून ठेवा आणि 200-300 मिलिमीटरला कॅमेरा जमिनीलगत धरा, लांबची फुलं एकमेकांवर चढल्यासारखी येतात आणि मधली मोकळी जागा दिसत नाही. एकट्या फुलासाठी मागची पार्श्वभूमी आधी शोधा आणि मग त्या पार्श्वभूमीपुढे येणारं फूल निवडा. सगळे उलटं करतात आणि मग मागे कुणाची तरी लाल छत्री येते.

हिवाळा

ऑक्टोबरची उष्णता मी फुलपाखरांवर घालवते. ऊन यायच्या सुमारास ती पंख उघडून बसतात, अंग तापेपर्यंत उडत नाहीत, तीच वेळ आपली. पंख कॅमेऱ्याला समांतर ठेवा म्हणजे सगळे फोकसमध्ये येतात. आपली सावली त्यांच्यावर पडू देऊ नका, सावली पडली की उडालंच.

नोव्हेंबरपासून पक्ष्यांचा हंगाम. टेकडीवर थिरथिरा येतो, शेपूट सतत थरथरवणारा, सिंहगडाच्या झाडीत नीलांग दिसतो. नवीन मंडळी पक्ष्याच्या मागे धावतात, तो पुढच्या झाडावर, हे त्या झाडाखाली, असं तासभर. त्यापेक्षा बघा, थिरथिरा, वेडा राघू, खाटीक हे सगळे किडा पकडून पुन्हा पुन्हा त्याच फांदीवर येऊन बसतात. फांदी हेरा, सूर्य पाठीशी घ्या, झाडाला टेकून बसा, वीस मिनिटं हलू नका. बसलेल्या पक्ष्याला शटर 1/500 सेकंद, उडणाऱ्याला 1/1600 च्या वर, आयएसओ ऑटो, फोकस डोळ्यावर. फोटोत दाणे दिसले तरी चालतात, हललेला डोळा चालत नाही. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलवायचं नाही, त्याला वाटतं दुसरा नर आपल्या जागेत आलाय, तो खाणंपिणं सोडून भांडायला येतो. एका फोटोसाठी हे योग्य नाही.

डिसेंबर-जानेवारीत आठच्या आत गवतावरची दव पडलेली कोळ्यांची जाळी, सूर्य समोर ठेवून काढा, मागे सावलीतला डोंगर घ्या म्हणजे थेंब काळ्यावर चमकतात. एवढंच पुरे.

उन्हाळा, जो सगळे घरी बसून घालवतात

फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा, काटेसावर फुलतात आणि एकेक झाड म्हणजे पंगत असते. भोरड्यांचे थवे, शिंजीर, मैना, बुलबुल, खारी, कावळे सगळे मध प्यायला. असं एक झाड शोधून सकाळी सात ते नऊ तिथेच बसा, कुठेही जाऊ नका. झाड उतारावर असेल तर वरच्या बाजूला बसा, म्हणजे शेंडा डोळ्यांसमोर येतो आणि मागे आकाशाऐवजी दरी मिळते. दहानंतर गाशा गुंडाळा, तापलेली हवा थरथरते आणि लांबच्या लेन्सने काढलेलं काहीच धारदार येत नाही, लेन्स कितीही भारी असली तरी.

याला एक अपवाद आहे. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या खडकाळ पठारावर, एप्रिल-मेमध्ये पंख्यासारखी गळ्याची पिशवी फुगवणारे सरडे दिसतात. पिशवीवर निळा, काळा आणि नारिंगी रंग, नर दगडावर चढून ती फडकवतो. 2016 मध्ये या सरड्यांच्या गटाची वेगळी प्रजाती (genus) ठरली आणि तिला शास्त्रीय नाव दिलं 'सरडा', आपलाच मराठी शब्द. मला याचं फार अप्रूप आहे. फोटोसाठी दगड हेरा, लांबूनच पोटावर झोपा, 300 मिलिमीटर, 1/1600, आणि डोकं वर उचलू नका. पाणी दोन लिटर तरी जवळ हवं.

मेच्या शेवटापासून पाऊस जोर धरेपर्यंत काजवे. राजमाची, भंडारदरा, पुरुषवाडी ही नावं सगळ्यांना माहीत आहेत. अंधार पडायच्या आधी पोचून ट्रायपॉड लावा, झाडावर फोकस करून मॅन्युअलवर टाका, मग हात लावू नका. आयएसओ 1600, लेन्सचं छिद्र एफ 2.8, शटर 20 ते 30 सेकंद, असे तीस-चाळीस फोटो सलग घेऊन घरी एकत्र जोडा. अमावस्येच्या जवळची रात्र निवडा. टॉर्च, फ्लॅश, गाडीचे दिवे बंद, कारण तो लुकलुकाट म्हणजे जोडीदाराला दिलेली हाक असते आणि आपल्या उजेडात ती दिसत नाही. झाडाच्या अगदी बुंध्याशी जाऊ नका, जमिनीवर, पाल्यात पण काजवे असतात.

उन्हाळ्यात कड्यांना आग्या मोहोळं असतात, तिथे धूर नको, अत्तर नको, दंगा नको. आणि वणवा दिसला तर आधी फोन, फोटो नंतर, वनविभागाचा हेल्पलाइन नंबर 1926 आहे.

फोटो काढल्यावर

त्याच रात्री फोल्डर करा, आधी वर्ष, मग महिना, तारीख, जागा. बाद फोटो उडवा, पण एखाद्या जातीचा एकुलता एक फोटो असेल तर हललेला असला तरी ठेवा, कुठल्या तारखेला काय दिसलं याची ती नोंद असते. ओळख पटत नसेल तर आयनॅचरलिस्ट या प्राणी-वनस्पतींच्या नोंदींच्या वेबसाइटवर टाका, धोक्यातल्या जातींची नेमकी जागा तिथे आपोआप झाकली जाते.

सोशल मीडियावर टाकताना मात्र ती जागा तुम्हालाच झाकावी लागते. काही वर्षांपूर्वी एका जुन्या खाणीत मला शृंगी घुबड दिसलं होतं, दगडाच्या खोबणीत, दिवसाउजेडी डोळे अर्धवट मिटून बसलेलं. महिनाभर मी त्याला लांबूनच बघत होते. मग एका रात्री आनंदाच्या भरात ग्रुपवर फोटो टाकला, खाली लिहिलं खाणीचा कुठला कोपरा, कुठल्या झाडाखालून दिसतं. पुढच्या रविवारी तिथे आठ-नऊ जण होते, एक जण त्याने डोळे उघडावेत म्हणून खडे मारत होता. मी भांडले, ते गेले, पण त्यानंतरच्या दोन रविवारी खोबण रिकामी होती आणि नंतरही ते तिथे परत बसलेलं मी पाहिलं नाही. तेव्हापासून फोनच्या कॅमेऱ्याचं लोकेशन बंद असतं, घुबड, घरटं, साप, दुर्मिळ फूल यांच्या फोटोखाली मी फक्त "पुणे जिल्हा" आणि महिना लिहिते, आणि कुणी खासगीत जागा विचारली तर त्या माणसाला आधी माझ्याबरोबर टेकडीवर चालायला बोलावते, तीन-चार वेळा सोबत आला आणि कसा वागतो ते पाहिलं की मग पुढचं.